कस्तुरी पाण्यातून बाहेरच येत नाही, आणि भांड्याच्या तळाशी काळे कण आहेत

शेवरी

नमस्कार. घाबरूनच लिहितेय, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे कस्तुरी आहे. बॉल पायथन (पाळीव अजगराची एक जात), मादी, वय साडेचार वर्षं, वजन १,३५० ग्रॅम. गेले दहा-बारा दिवस ती पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसते. आधी वाटलं कात टाकायची वेळ आली असेल, पण डोळे निळसर झालेले नाहीत. एरवी रात्री सगळी पेटी पालथी घालणारी ही बाई आता दिवसरात्र पाण्यात. मागच्या आठवड्यात उंदीर दिला तर तोंड फिरवलं.

काल भांडं धुवायला घेतलं तेव्हा तळाशी काळे कण दिसले, खसखशीच्या दाण्याएवढे. माती असेल म्हणून पाणी पांढऱ्या कागदावर ओतलं, तर त्यातले दोन चालायला लागले. मग टॉर्च घेऊन तिला नीट पाहिलं. हनुवटीखालच्या मधल्या खाचेत तीन-चार काळे ठिपके. उजव्या डोळ्याच्या कडेचा खवला जरा उचलल्यासारखा. अंगावर ठिकठिकाणी पांढरी भुकटी, हात फिरवला की बोटाला लागते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पाच आठवड्यांपूर्वी मी एक कॉर्न स्नेक आणला. मांडणीच्या खालच्या कप्प्यात ठेवला, कस्तुरीच्या पेटीपासून हातभर अंतरावर. वेगळ्या खोलीत ठेवला नाही. दिसायला अगदी स्वच्छ होता.

हे माइट्सच ना, सापाचं रक्त पिणारे ते बारीक किडे? घरात कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे आहे, तो चालेल का? ओळखीच्या एकाने आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाची बाटली देऊ केलीय, म्हणतो दोन थेंब पाज, काम होईल. घरात एक कासवही आहे, त्याच्याकडे हे जातील का? आणि पेटीतलं सगळं फेकावं लागेल का? कस्तुरीची एक लाकडी ढोली आहे, ती लहान असल्यापासून त्यातच झोपते. ती टाकायची कल्पनाच करवत नाही.

निवांत

माइट्सच आहेत. पाण्यात बसणं, हनुवटीखालचे ठिपके, पांढरी भुकटी, तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. ती भुकटी म्हणजे त्यांची विष्ठा.

एक खातरजमा मात्र करा. ओलसर कोकोपीटमध्ये फिकट, पांढुरके, संथ चालणारे माइट्सही होतात. ते बुरशीवर जगतात, सापाला काही करत नाहीत. फिकट असतील आणि फक्त मातीतच दिसत असतील तर ते. काळे किंवा गडद लाल असतील आणि सापावर असतील तर रक्त पिणारे. तुमच्याकडे हा रक्त पिणाराच प्रकार दिसतोय.

मी माझ्या किंगस्नेकला डोक्यापासून शेपटीपर्यंत ऑलिव्ह तेल चोळलं होतं. माइट्स गुदमरून मरतात. स्वस्त आणि बिनविषारी. करून बघा.

वही

शेवरी, आधी एक विनंती. आज रात्री कस्तुरीवर काहीही फवारू नका आणि ते दोन थेंब तर अजिबात पाजू नका. माइट्स एका रात्रीत मोठ्या सापाचा जीव घेत नाहीत. घाईघाईत दिलेलं औषध घेऊ शकतं. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या हातून झालंय.

आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे दोन कॉर्न स्नेक होते, एक मोठा आणि एक जेमतेम तीन महिन्यांचं पिल्लू. दोघांनाही माइट्स झाले. कुणीतरी सांगितलं की कीटकनाशकाची पट्टी पेटीत टांगून ठेव. मी टांगली, झाकण लावलं आणि झोपले. डायक्लोरव्हॉसची पट्टी होती. तिची वाफ बंद जागेत साचते एवढं साधंही मला सुचलं नाही. सकाळी पिल्लू थरथरत होतं, उलटं केलं तर सुलटं होता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेलं. त्याचं वजन १९ ग्रॅम होतं. तेव्हापासून मी वही ठेवते आणि प्रत्येक उपचार तारखेनिशी लिहिते. इथलं माझं नावही त्यावरूनच पडलं.

मोठा साप वाचला. त्याची पेटी मी घासूनपुसून काढली. आठव्या दिवशी एकही माइट दिसला नाही, नवव्याही दिवशी नाही. मी वहीत ‘संपले’ असं लिहून खाली रेघ मारली. विसाव्या दिवशी ते परत आले, आधीपेक्षा जास्त. असं का झालं हे समजून घ्यायला मला आणखी दोन महिने लागले, आणि माझ्या मते माइट्सबाबत समजून घेण्यासारखं तेवढंच आहे. बाकी सगळं त्याच्यातून आपोआप येतं.

या माइटचं शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. त्याच्या आयुष्याचा बारीक अभ्यास जोसेफ कॅमिन यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आजही सगळे त्याच आकड्यांवर उभे आहेत. मादी सापावर अंडी घालत नाही. पोटभर रक्त पिते, सापावरून उतरते, आणि एखाद्या अंधाऱ्या, दमट फटीत जाऊन अंडी घालते. आयुष्यात ६० ते ८० घालू शकते. अंडं साधारण २८ ते ९८ तासांत फुटतं. त्यातून सहा पायांची अळी निघते. ती काहीच खात नाही, एक-दोन दिवसांत कात टाकते. पुढची अवस्था आठ पायांची, आणि तिला रक्त लागतं, म्हणून ती साप शोधत निघते. रक्त मिळालं की ती पुन्हा उतरते, कात टाकते. त्यानंतरची अवस्था पुन्हा उपाशी, दिवसभराची. मग प्रौढ. ऊब आणि दमटपणा मनासारखा असेल तर अंड्यापासून प्रौढापर्यंत १३ ते १९ दिवस. प्रौढ पुढे ४० दिवसांपर्यंत जगतो.

आता हे तुमच्या पेटीत मांडून बघा. पाच अवस्थांपैकी फक्त दोन रक्त पितात, म्हणजे सापावर येण्याचं कारण फक्त दोघींना. त्याही पिऊन झाल्या की उतरतात. तुम्हाला कस्तुरीच्या अंगावर चार दिसले, तर उरलेले झाकणाच्या कडेला, काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनखाली, पेटीला ऊब देणाऱ्या हीट मॅटच्या पाठीमागे, स्क्रूच्या भोकात, मांडणीच्या फळीखाली बसलेले आहेत. माझ्या नवव्या दिवशी साप खरोखरच स्वच्छ होता. अंडी फळीच्या फटीत होती.

आणखी एक. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते. न फळलेल्या अंड्यांतून नर निघतात, आणि त्यांच्याशी तिचं पुढचं जमतं. त्यामुळे ‘एकच दिसला होता, मारला’ असं म्हणून कधीही निश्चिंत होऊ नका.

आता तुमचे प्रश्न.

तेल. निवांत, तुमचा साप बरा झाला याचा आनंद आहे, आणि तेलाने अंगावरचे माइट्स मरतात हे खरं. पण ते फक्त अंगावरचे. फटीतल्या अंड्यांना तेल पोचत नाही. शिवाय तेलकट सापाला कागद, माती, केस सगळं चिकटतं आणि ते उतरवायला त्याला परत परत हाताळावं लागतं. मी फक्त कापसाच्या बोळ्याने एखादा थेंब डोळ्याच्या कडेला किंवा हनुवटीच्या खाचेत लावते, जिथे पाणी पोचत नाही.

कुत्र्याचा स्प्रे. बाटलीवर घटक कोणता लिहिलाय ते आधी वाचा. फिप्रोनिल ०.२५ टक्के असेल तर प्राण्यांचे डॉक्टर ते सापांसाठी वापरतात, पण थेट फवारून नाही. कापडावर घेऊन अंगावरून पुसतात, डोकं टाळतात. त्यातला अल्कोहोल लहान आणि अशक्त सापांना झेपत नाही. परमेथ्रिन असेल तर प्रकरण वेगळं. सापांच्या माइट्ससाठी ०.५ टक्के परमेथ्रिनचे फवारे मिळतात, ते पेटीवर मारतात, सापावर नाही. साप आणि पाण्याचं भांडं बाहेर काढायचं, फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं, वास जाईपर्यंत हवा खेळू द्यायची, मगच साप आत. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे जे थेंब असतात त्यात परमेथ्रिन याच्या कितीतरी पट तीव्र असतं. ते सापाच्या जवळही नेऊ नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन तिलाही घातक आहे, हे लक्षात असू द्या.

आयव्हरमेक्टिन. इथे मी हिशेबच मांडते. सापांसाठी सांगितलं जाणारं प्रमाण किलोला ०.२ मिलिग्रॅम. कस्तुरी १.३५ किलो, म्हणजे तिला ०.२७ मिलिग्रॅम. बाटली १ टक्क्याची असेल तर एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. म्हणजे कस्तुरीचा डोस ०.०२७ मिलिलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तरी ‘दोन थेंब’ म्हणजे जवळपास चौपट. बॉल पायथनमध्ये या औषधाने मज्जासंस्थेवर परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत. आणि कासवांना ते जीवघेणं आहे, कितीही कमी दिलं तरी देऊ नये असंच मानतात. तुमच्या घरात कासव आहे. ती बाटली घरात येऊच देऊ नका. डॉक्टरांनी मोजून, पातळ करून दिलं तर गोष्ट वेगळी.

कासवाला स्वतःला फारशी भीती नाही. हा माइट मुख्यतः सापांचा. सरड्यांवरही सापडतो, कासवावर त्याचं बस्तान सहसा बसत नाही. माणसाला मात्र चावतो, हातावर खाज सुटणारे बारीक लाल फोड येतात. तुमच्या मनगटावर असं काही दिसतंय का, बघा.

कॉर्न स्नेक. स्वच्छ दिसत असला तरी दोघांनाही लागण झाली असं धरूनच चाला. एकाचा उपचार करून दुसऱ्याला सोडलं तर तुम्ही वर्षभर हेच करत राहाल.

आज रात्री करायचं ते एवढंच. कस्तुरीला झाकणाला भोकं असलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, खाली पांढरा टिश्यू पेपर, बाकी काही नाही. पांढरा अशासाठी की त्यावर चालणारा माइट लगेच दिसतो. उद्या सकाळी कोमट पाण्यात अर्धा तास. पाणी २८ ते ३० अंश, हाताने अंदाज न घेता थर्मामीटरने. अंग बुडेल आणि डोकं आरामात वर ठेवता येईल इतकंच खोल. पूर्ण वेळ समोर बसा. माइट्स बुडायला लागले की वर, डोक्याकडे पळतात, म्हणून शेवटी ओल्या मऊ कापडाने डोकं आणि हनुवटी पुसून घ्या. पाण्यात किती मेले ते मोजा आणि लिहा. हा आकडा पुढे उपयोगी पडतो.

पेटीतली माती पिशवीत बांधून लगेच घराबाहेर. घरातल्या कचऱ्याच्या डब्यात नाही. धुता येणारं सगळं कढत पाण्याने धुवा. हे माइट्स ५०-५५ अंशांच्या वर काही सेकंदांतच मरतात, त्यामुळे वाफ आणि कढत पाणी ही आपली सर्वांत भरवशाची हत्यारं, तीही बिनविषारी. सांधे, भोकं, झाकणाची कड व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि व्हॅक्यूमची पिशवीही बाहेर. काच तापवताना एकदम कढत पाणी ओतू नका, तडकते.

आणि ढोली. मला कळतंय. लाकूड पूर्ण आतपर्यंत तापायला वेळ लागतो, तासाभराने बाहेरून गरम आणि आतून थंड असतं. भट्टीत (ओव्हनमध्ये) १०० अंशांच्या आसपास दोन-तीन तास, शेजारी बसून, किंवा टाकून देणं. मधला मार्ग मला माहीत नाही. भट्टीत मावत नसेल तर टाका. कस्तुरीला अंधार आणि अंगाला घट्ट बसणारी जागा हवी असते. उलटा ठेवलेला प्लास्टिकचा डबा, त्याला दाराएवढं भोक पाडलेलं, तिला तितकाच आवडेल. दोन-तीन रात्री लागतील.

वजन दर आठवड्याला. आंघोळीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी खाऊ घालू नका.

टाका

मी प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. वहीताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त ‘डॉक्टरकडे कधी’ एवढं जोडते, कारण लोक आमच्याकडे फार उशिरा येतात.

तोंड हळूच उघडून आतली त्वचा बघा. गुलाबी हवी. पांढुरकी फिकट असेल तर रक्त कमी झालंय, त्याच दिवशी या. साप हातात घेतल्यावर लुळा वाटला, डोकं वर धरून ठेवता येत नसेल, तोंडात चिकट लाळ असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल, तर थांबू नका. माइट्स नुसतं रक्त पीत नाहीत. एरोमोनस नावाचे जिवाणू ते एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात हे जुनं ज्ञान आहे. बोआ आणि अजगरांच्या ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ या असाध्य विषाणूजन्य आजाराच्या प्रसारातही त्यांच्यावर दाट संशय आहे. एकापेक्षा जास्त साप असणाऱ्यांनी माइट्सना किरकोळ समजू नये ते यासाठीच.

डोळ्याच्या कडेचा खवला उचलल्यासारखा दिसतो तिथे बहुतेक माइट बसलेला असतो. चिमटा लावू नका. डोळ्यावरचं पारदर्शक आवरण ओरखडलं तर डोळा जाऊ शकतो. मागच्या कातीचं आवरण तिथे अडकलं असेल तरीही तेच, ओढायचं नाही.

कुत्र्यांसाठी गोचिडांवर ज्या नव्या चघळायच्या गोळ्या आल्यात, त्यातल्या अफोक्सोलॅनरसारख्या औषधांचा सापांच्या माइट्सवर तोंडावाटे वापर आता डॉक्टर करू लागलेत. डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतील. घरी गोळी मोडून देऊ नका. पण तुमच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, फवारे न मारता सुटका होऊ शकते.

शेवरी

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत पेटी उघडून बसले होते. वहीताई, हीट मॅटच्या मागे तुम्ही म्हणालात तसंच. टॉर्च मारल्यावर सगळे एकदम हलले. पोटात गोळा आला.

आकडे लिहिते. पहिल्या आंघोळीत कस्तुरीच्या पाण्यात ४१ मेलेले. कॉर्न स्नेकच्या पाण्यात ६. म्हणजे ‘स्वच्छ’ होता तो माझ्या डोळ्यांना. मनगटावर फोड आहेत, मला वाटत होतं डास चावलेत.

तोंड आतून गुलाबी आहे, थोडं फिकट. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघांनाही वजन करून तोंडावाटे औषध दिलं आणि पेटी-मांडणीसाठी परमेथ्रिनचा फवारा सांगितला. ढोली टाकली. भट्टीत मावली नाही.

एक विचारायचं होतं. दमटपणा कमी केला तर अंडी सुकतात असं वाचलं. मग पेटी कोरडी ठेवू का?

वही

४१ म्हणजे बऱ्यापैकी मोठी लागण, पण वेळेत सापडली.

दमटपणाबद्दल वाचलंत ते बरोबर आहे, कोरड्या हवेत अंडी तग धरत नाहीत. पण बॉल पायथन कोरड्यात राहिली तर कात तुकड्या-तुकड्यांत निघते, आणि अडकलेल्या कातीखाली माइट्सना लपायला आयती जागा मिळते. मी असं करते: पेटी टिश्यूवर आणि कोरडी, आणि आंघोळीतून साप भरपूर ओलावा घेतो. डोळे निळसर झाले की मात्र ओल्या कागदाचा डबा आत ठेवते आणि रोज कागद बदलते. कात निघाली की त्याच क्षणी पिशवीत बांधून बाहेर. तिच्यासोबत बरेच माइट्स जातात. कात तशीच पडू दिली तर ते परत चढतात.

फवारलेल्या पेटीत पाण्याचं भांडं पहिले एक-दोन दिवस नको, साप त्यात बसला तर औषध पाण्यात उतरतं. बाहेर काढून पाणी दाखवा, पिऊ द्या, परत ठेवा.

लोक विचारतात म्हणून सांगते, भक्षक माइट्सही असतात. स्ट्रॅटिओलेलॅप्स नावाचे, रोपवाटिकांमध्ये कुंडीतल्या किडीसाठी सोडतात ते. सापाला चावत नाहीत, सापाचे माइट्स खातात. मी लागण आटोक्यात आल्यावर मातीच्या पेट्यांमध्ये सोडते आणि मला ते आवडतात. पण परमेथ्रिन मारलेल्या पेटीत ते मरतील, आणि ४१ च्या लागणीवर ते पुरेसे जलद नाहीत. आत्ता नको.

आता मोजणीबद्दल. मांडणीच्या चारही पायांना आणि प्रत्येक पेटीच्या झाकणाखाली दुहेरी चिकटपट्टी लावा, आणि रोज टॉर्चने तपासा. शेवटचा जिवंत माइट ज्या दिवशी दिसेल तो दिवस शून्य. तिथून ४२ दिवस. १९ दिवसांचं चक्र दोनदा पूर्ण होऊ द्यायचं आणि वर थोडे, म्हणून ४२. मधे एकही दिसला तर पुन्हा शून्य. दर आठवड्याला कढत पाण्याने धुणं आणि डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा डोस वेळेवर, अंगावर काही दिसत नसलं तरी. न दिसण्याच्या त्या दिवसांतच मी हरले होते.

पुढच्यासाठीही आत्ताच लिहून ठेवते, नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. नवा साप वेगळ्या खोलीत, टिश्यूवर, ९० दिवस. त्याचं काम सगळ्यांत शेवटी, त्याचा चिमटा, भांडं, कापड वेगळं. त्यानंतर हात धुवून कपडे बदलल्याशिवाय जुन्या सापांकडे फिरकायचं नाही. घरी आल्या दिवशी पांढरा ओला टिश्यू मुठीत धरून त्यातून सापाला हळूच सरकू द्यायचं, मानेपासून शेपटीपर्यंत. काळं काही लागलं तर भिंगाखाली बघायचं. हनुवटी, डोळ्यांच्या कडा, ओठांवरचे उष्णता ओळखणारे खळगे आणि शेपटीच्या मुळाशी असलेली आडवी फट, या चार जागा नीट. नवीन लाकूड, माती, पानं यांना पेटीत जाण्याआधी उष्णता दाखवायची. गोठवलेल्या उंदरांतून हे येत नाहीत. पण त्या उंदरांची पिशवी सापांच्या दुकानातून आली असेल तर ती पिशवी मांडणीवर ठेवू नका. आणि दुसऱ्याचा साप हाताळून घरी आलात तर आधी आंघोळ.

निवांत

वहीताई, मी तेलाबद्दल घाईने लिहिलं. माझ्या किंगस्नेकची एकच पेटी होती आणि ती मी त्याच वेळी फेकून नवी आणली होती. म्हणजे बरं झालं ते बहुधा तेलाने नाही, पेटी बदलल्याने. आज पहिल्यांदा तसा विचार केला.

शेवरी

आज तेहेतिसावा दिवस. कस्तुरी १,३१० पर्यंत उतरली होती, आता १,३३५. दोन आठवड्यांपूर्वी उंदीर घेतला, परवा पुन्हा घेतला. पाण्यात बसत नाही. उलट्या डब्यात झोपते. चौथ्या रात्रीपासून.

अकराव्या दिवसानंतर एकही दिसला नव्हता. म्हणजे आज बाविसावा स्वच्छ दिवस झाला असता. आज सकाळी कॉर्न स्नेकच्या कप्प्याच्या मागच्या पायाची पट्टी तपासली, तर एक चिकटलेला. काळा, फुगलेला. भिंगाखाली पाय हलत होते.

रडू आलं खरं तर. काय चुकलं?

वही

शेवरी, तुम्ही पट्टी तपासली म्हणून तो सापडला. चुकलं असं काही नाही, एखादी जागा राहिली असेल.

फुगलेला आहे म्हणजे एक-दोन दिवसांत रक्त प्यायलाय, आणि त्या पायाशी मिळाला म्हणजे उतरून अंडी घालायची जागा शोधत होता. म्हणून ती फट त्याच पायाच्या आसपास असणार. कॉर्न स्नेकच्या कप्प्यातून काय काय बाहेर जातं? वायर, थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक), त्यांच्या क्लिपा? फळी भिंतीला टेकलेली आहे का? मांडणी ओढून भिंतीपासून वेगळी करा आणि मागच्या बाजूचा एकेक स्क्रू काढून आत टॉर्च मारा. कॉर्न स्नेकला आज कोमट आंघोळ, पाण्यातले मोजा. डॉक्टरांना फोन करून त्याचा पुढचा डोस विचारा. कस्तुरीचीही हनुवटी बघा, पण तिला उगाच त्रास देऊ नका.

शेवरी

सापडलं. थर्मोस्टॅटच्या प्रोबची वायर मागच्या फळीला प्लास्टिकच्या क्लिपने ठोकलेली होती. क्लिप काढली तर खाली अंडी, पिवळसर पांढरी, चिकटलेली, आणि दोन फिकट जिवंत. क्लिप आणि वायर दोन्ही बदलली, फळीवर वाफ मारली, सगळी मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवली. कॉर्न स्नेकच्या पाण्यात १ मेलेला. कस्तुरीवर काही नाही.

वही घेतलीय. आजची तारीख टाकून शून्य लिहिलं.